हजार यार्डांवरची हवा: बिस्लेतल्या प्रकल्प नोंदी

१५ मार्च

या वर्षीचं काम ठरवलं. ३०० यार्डांवर जमलेली नेमबाजी १००० यार्डांपर्यंत न्यायची आणि त्यासाठी लागणारा हवेचा हिशेब स्वतः मांडायचा. अ‍ॅपमध्ये आकडे भरले की उत्तर मिळतं, आणि ते मी वापरणारही आहे. पण उत्तर कुठून आलं हे कळल्याशिवाय रेंजवर त्याच्या भरवशावर साइट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) फिरवायला मन धजत नाही.

जागा इंग्लंडातलं बिस्ले, सरे काउंटी. इथे दोन मोठ्या रेंज आहेत. सेंच्युरी रेंज ६०० यार्डांपर्यंत, स्टिकलडाउन ८०० ते १२०० यार्ड. क्लबात उमेदवारीचे महिने मागेच संपले, सुरक्षेची परीक्षा झाली, रेंजचं कार्ड हातात आहे. रायफल क्लबची: ७.६२ मिमी, लांब जड नळी, एका वेळी एकच काडतूस, १५५ ग्रेनची (सुमारे दहा ग्रॅमची) गोळी. दुर्बीण नाही. पुढे कडी, मागे बारीक छिद्र. पोटावर झोपायचं, डाव्या दंडाला स्लिंग, बाकी आधार काही नाही. मागच्या साइटची एक क्लिक म्हणजे पाव मिनिट.

मिनिट म्हणजे इथे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर ते १.०४७ इंच भरतं, १००० यार्डांवर साधारण साडेदहा इंच. हजारावरचा बुल, म्हणजे लक्ष्याचं पूर्ण गुणांचं मधलं वर्तुळ, सुमारे दोन फूट रुंद, म्हणजे मध्यापासून सव्वा मिनिटसुद्धा मोकळीक नाही. पुढचं सगळं गणित या सव्वा मिनिटासाठी आहे.

५ एप्रिल

सेंच्युरी, ३०० यार्ड. कडक थंडी, ८ अंश. शून्य, म्हणजे गोळी नेमल्या जागी लागेल अशी साइटची खूण, पक्का केला आणि क्रोनोग्राफवर वेग मोजला: सरासरी सेकंदाला २,९४० फूट. सरासरीइतकंच एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंत वेग किती हलतो तेही वहीत लिहून ठेवलं, कारण लांबवर त्याचा अर्थ सरळ उंचीत निघतो. सेकंदाला २० फुटांचा फरक ३०० यार्डांवर दिसतसुद्धा नाही. हजारावर तोच जवळजवळ अर्ध्या मिनिटाचा होतो.

क्लबातल्या प्रशिक्षक बाईंनी आज एकच सांगितलं: वही दोन रकान्यांत ठेव. एका रकान्यात दिवसभर न बदलणारं, दुसऱ्यात शॉटगणिक बदलणारं. तापमान, दाब, काडतुसातल्या दारूने मिळणारा वेग पहिल्यात. वारा दुसऱ्यात. त्या प्रत्येक शॉटनंतर दोन्ही रकाने स्वतः भरतात, आणि मार्गदर्शन करायला बसल्या तरी हातातली पेन्सिल खाली ठेवत नाहीत.

२६ एप्रिल

पहिल्या रकान्यावर घरी बसून काम. गोळीला अडवते ती हवेची घनता, म्हणून तापमान आणि दाब वेगवेगळे लक्षात ठेवण्यापेक्षा दोन्हींतून घनता काढलेली बरी. सूत्र शाळेतलंच: दाब भागिले वायूचा स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांचा गुणाकार. कोरड्या हवेसाठी स्थिरांक २८७.०५. प्रमाण हवा म्हणजे १५ अंश, १०१३.२५ हेक्टोपास्कल, घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर.

आकडे घालून पाहिले. ८ अंश आणि १०२० हेक्टोपास्कलला १.२६४. उन्हाळ्यातल्या २८ अंश आणि १०१० ला १.१६८. म्हणजे याच रेंजवर, याच रायफलीसमोर, दोन ऋतूंत साडेसात टक्के पातळ हवा. माझ्या गोळीला हजार यार्डांवर घनतेच्या एका टक्क्याला साधारण ०.२ मिनिट लागतं, म्हणजे हा फरक दीड मिनिटाचा, सोळा इंचांचा. वसंतातल्या साइटवर जुलैत पहिला शॉट मारला तर तो बुलच्या वरून जाईल, आणि वाऱ्याचा त्यात काही हात नसेल.

अंगवळणी पाडायचे दोन आकडे: १० अंश चढले की घनता साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते, दाब १० हेक्टोपास्कलने उतरला की एक टक्का. दमटपणाचा धाक उगाच वाटतो. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा पातळ असते, जड नाही. आणि फरक केवढा, तर १५ अंशाला पूर्ण दमट आणि पूर्ण कोरड्या हवेत पाऊण टक्कासुद्धा नाही. ३० अंशाला दीड टक्क्याच्या थोडा वर. इथल्या पावसाळी सकाळी मी तो आकडा शेवटी भरते.

दाबाच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. गोळीला लागतो तो जागेवरचा दाब. बिस्लेला उंची फार नाही, त्यामुळे चालून जातं. पण आमच्या कोल्हापूरचं पाहा. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. बातमीत १०१३ सांगितले तरी रंकाळ्याच्या काठावर खरा दाब ९४५ ते ९५० च्या दरम्यान असतो. अ‍ॅपमध्ये १०१३ भरले तर ते हवा सुमारे सात टक्के दाट धरून बसेल. म्हणून हातात धरायच्या केस्ट्रेल या हवामापक यंत्रावर समुद्रसपाटीची दुरुस्ती बंद आहे ना, हे पेटी उघडली की पहिलं तपासायचं.

१७ मे

स्टिकलडाउन, १००० यार्ड. १० अंश, जागेवरचा दाब १०१८, घनता १.२५.

फायरिंग पॉइंटवर झोपून कडीतून पाहिलं की काळा गोल टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. ३०० च्या साइटवरून पंचवीस मिनिटांच्या वर चढावं लागतं, एकेक क्लिक मोजत. चाप दाबल्यावर गोळी पोहोचायला दीड सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात धक्का ओसरतो, गाल परत दस्त्यावर येतो, आणि मग लक्ष्य खाली जातं. बट्समधल्या, म्हणजे लक्ष्यांखालच्या, खंदकात मार्कर बसलेले असतात. ते लक्ष्य हाताने खाली ओढतात, भोकात चकती खोचतात, जुनं भोक बुजवतात आणि लक्ष्य पुन्हा वर चढवतात. चकती दिसेपर्यंतची ती वाट पाहणं मला फार आवडतं. तेवढ्या वेळात आपला अंदाज वहीत लिहून टाकायचा, चकती दिसायच्या आधी. हे प्रशिक्षक बाईंचं सांगणं आहे आणि मी ते कसोशीने पाळते.

इथे एका लक्ष्यावर दोघे आळीपाळीने मारतात. तुमचं लक्ष्य वर आलं की ४५ सेकंदांत शॉट जायला हवा, मग जोडीदाराची पाळी. त्यामुळे जोडीदाराचा प्रत्येक शॉट हा तुम्हाला फुकट मिळालेला वाऱ्याचा निरोप असतो. माझ्या जोडीदाराचा शॉट डावीकडे इनरमध्ये, म्हणजे बुलच्या बाहेरच्या वर्तुळात, गेला. झेंडे पाहिले तर उजवीकडून येणारा वारा किंचित वाढलेला. एक मिनिट दिलं, बुल लागला.

१८ मे

कालचे आकडे समोर घेऊन बसले. वाऱ्याने गोळी किती सरकते, याबद्दलची सर्वसाधारण समजूत अशी की गोळी हवेत जितका वेळ, तितका वेळ वारा तिला ढकलणार. तसं धरलं तर ताशी १० मैलांचा, म्हणजे सेकंदाला १४.६७ फुटांचा वारा दीड सेकंदात बावीस फूट सरकवेल. प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच सरकतं. कारण पुढच्या हिशेबात आहे.

हवा नसतीच, तर ३,००० फूट जायला ३,००० भागिले २,९४० म्हणजे १.०२ सेकंद लागले असते. हवेमुळे लागतात १.५५ च्या आसपास. फरक ०.५३ सेकंद. गोळी मागे पडते ती एवढीच, आणि वाऱ्याने सरकते ती या उशिराच्या प्रमाणात. ०.५३ गुणिले १४.६७ म्हणजे ७.८ फूट, ९४ इंच, ९ मिनिटं. ताशी एका मैलाला ०.९ मिनिट. रेंजवर जुनेजाणते डोक्यात ‘मैलाला मिनिट’ धरतात, ते इथून येतं.

हे कळल्यावर बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या. निमुळती गोळी वाऱ्यात का टिकते? तिचा उशीर कमी. थंडीत तोच वारा जरा जास्त का सरकवतो? दाट हवेत उशीर जास्त. म्हणजे पहिला रकाना दुसऱ्यातही डोकावतो, पण बेताने: सात टक्के दाट हवेने ९ मिनिटांचे पावणेदहा होतील. झेंडा वाचण्यातली चूक त्याहून सहज मोठी असते, म्हणून आधी झेंडा.

आणखी दोन छोटे हिशेब याच पानावर. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीतली गोळी हजारापर्यंत जाताना आठेक इंच उजवीकडे झुकते. पृथ्वीच्या फिरण्याने इथल्या अक्षांशावर आणखी ८ सेंटिमीटर, तेही उजवीकडे. दोन्ही कायमचे, दोन्ही एकाच बाजूला. साइटच्या हजारच्या शून्यात एकदा बसवून टाकले की त्यांचं नाव काढायची गरज नाही.

८ जून

ऊन. रेंजवर मृगजळ छान वाहत होतं. स्पॉटिंग स्कोप (पाहण्यापुरती वेगळी दुर्बीण) आधी लक्ष्यावर फोकस करायची, मग थोडी अलीकडे आणायची, म्हणजे मधल्या हवेच्या लाटा दिसतात. वारा मंद असला की लाटा उभ्या-तिरप्या, वाढला की आडव्या पळतात, आणि ताशी बाराएक मैलांच्या पुढे इतक्या सपाट होतात की त्यातून वेग वाचता येत नाही. तिथे पुन्हा झेंडे. लाटा सरळ वर उकळायला लागल्या तर वारा थांबलाय, किंवा नेमका पुढून नाहीतर मागून येतोय. शहाणे लोक उकळी दिसली की थांबतात, वेळेची मुभा असेल तोवर.

त्याचं कारण गणितात दिसतं. वाऱ्याचा आडवा भाग म्हणजे वेग गुणिले कोनाची ज्या (साइन). नव्वद अंशांतून वाहणारा १० मैलांचा वारा १५ अंश वळला, तर आडवा भाग १० वरून ९.७ वर येतो. फरक पाव मिनिट, एक क्लिक. पण पाठीमागून येणारा तोच वारा १५ अंश डावीकडे, मग १५ अंश उजवीकडे झुलला, तर आडवा भाग एकदा २.६ मैल एका बाजूने, एकदा २.६ दुसऱ्या बाजूने. हजारावर त्याची साडेचार मिनिटांवर उलथापालथ, म्हणजे चार फूट. झेंडे तर दोन्ही वेळा जवळजवळ सरळ लक्ष्याकडेच वळलेले दिसतात. मला आता जोरदार आडवा वारा आवडू लागला आहे. तो मोठा असतो, पण एका दिशेचा असतो.

कुठला झेंडा पाहायचा, यावर आज बराच खल झाला. लक्ष्याजवळ गोळी सर्वांत मंद, म्हणून तिथला वारा महत्त्वाचा, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. नळीच्या जवळच्या वाऱ्याने जी तिरकी गती मिळते ती उरलेल्या सगळ्या अंतरभर वाढत जाते. लक्ष्याजवळच्या झुळकीला काम करायला अंतरच उरत नाही. सगळीकडे सारखा वारा असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर माझी नजर आधी जवळच्या आणि मधल्या झेंड्यांवर.

२१ जून

पुण्याहून भाचीचा फोन. ती बालेवाडीला ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून, मारते, .२२ ची रायफल. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं.

“आत्या, एक विचारू? वारा उजवीकडनं आला की माझा शॉट डावीकडं जातो, ते कळतं. पण तो वर का चढतोय? रायफल हलली म्हणावं तर दर वेळी तसंच.”

“आणि डावीकडनं आला की?”

“उजवीकडं आणि खाली. घड्याळात दहा आणि चार वाजताच्या रेषेत.”

“नळीचा पीळ उजवा आहे ना तुझ्या? मग असंच व्हायला पाहिजे. तू बरोबर मारतेयस गं.”

ती क्षणभर गप्प झाली आणि मग एवढी हसली की मलाच बरं वाटलं. आठवडाभर ती खांद्यात दोष शोधत होती. नळीतून बाहेर पडताच गोळी येणाऱ्या हवेकडे नाक वळवते. ती गरगर फिरत असल्यामुळे हे वळणं सरळ होत नाही, नाक त्याच्या काटकोनात उचललं किंवा दाबलं जातं, आणि त्या पहिल्या झटक्यातच गोळीची वाट किंचित वर किंवा खाली ठरून जाते. माझ्या रायफलीला हिशेब केला तर ताशी मैलाला ०.०४ मिनिट, १० मैलांना ०.४. हजारावर चार इंच. वारा उजवीकडून डावीकडे पालटला तर वरून खाली आठ इंच, आणि मी ते दारूच्या माथी मारलं असतं. ५० मीटरवर भाचीला जे डोळ्यांनी दिसतं, ते हजारावर बाकीच्या गोंधळात बुडून जातं. तिला म्हटलं, रेषेचा कल वहीत काढून ठेव, वारा पालटला की साइट आडवी फिरवतेस तशी एखादी क्लिक उभीही फिरव. माझ्याही वहीत आता तिसरा रकाना आला.

जुलै, इम्पीरियल मीटिंग या बिस्लेतल्या वार्षिक स्पर्धेचे दिवस

आज मी मारायला नाही, पाहायला आले होते. कोलापूर मॅच.

बिस्लेच्या कार्यक्रमपत्रिकेत हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कोलापूर म्हणजे आपलं कोल्हापूर. १८७१ साली कोल्हापूरच्या राजांच्या नावाने इथल्या नॅशनल रायफल असोसिएशनला चषक मिळाला, आणि ब्रिटन व तेव्हाच्या वसाहतींचे संघ त्यासाठी लढू लागले. तेव्हा ही स्पर्धा विम्बल्डनच्या माळावर होत असे. १८९० पासून बिस्लेला. राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला आले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं, पुरती एकवीस वर्षंही झाली नव्हती. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले, तिथे आज त्यांची छत्री उभी आहे. ज्या गावाने पुढे तेजस्विनी सावंतला २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती होताना पाहिलं आणि जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेताना पाहिलं, त्या गावाचं नाव इथे दर जुलैत लाऊडस्पीकरवरून पुकारलं जातं. बाबांना फोन करून तो पुकारा ऐकवला.

सामना आठ जणांच्या संघांचा: ३००, ५०० आणि ६०० यार्ड, प्रत्येकी दहा शॉट. पूर्ण गुण १,२००. मला पाहायचे होते वाऱ्याचे कोच. संघाच्या सामन्यात नेमबाज वाऱ्याकडे पाहतच नाही. त्याच्या शेजारी कोच स्कोप लावून बसतो आणि विंडेजचा, म्हणजे साइट आडवी सरकवायचा, नॉब स्वतः फिरवतो. नेमबाजाने कडीत काळा गोल मधोमध ठेवायचा आणि शॉट कुठे सुटला तेवढं खरं सांगायचं.

मी एका कोचच्या मागे, दोरीच्या अलीकडे, बराच वेळ उभी होते. तिचा उजवा डोळा स्कोपला, डावा उघडा, झेंड्यांवर. हात नॉबवर, बोटं सतत जरा जरा हलत असलेली. नेमबाज तयार होऊन श्वास धरून पडला होता, आणि ती काही बोलेना. मृगजळ मंदावलं, परत धरलं, तिने दोन क्लिक परत घेतल्या आणि एक शब्द टाकला. शॉट गेला. चकती बुलमध्ये, मध्याच्या किंचित डावीकडे. तिने पेन्सिलीने वहीत खूण केली ती चकतीच्या जागी नाही, वारा किती होता त्या जागी. म्हणजे शॉटवरून वारा किती होता ते मागे जाऊन काढायचं आणि पुढच्या शॉटला आपल्या अंदाजाशी ताडून पाहायचं. हे मी तेव्हाच उचललं.

९ ऑगस्ट

उकाडा. ३० अंश, जागेवरचा दाब १०१२, घनता १.१६३. मेमधल्या दिवसाच्या मानाने सात टक्के पातळ. सकाळी आधी क्रोनोग्राफ लावला: सरासरी २,९६०, एप्रिलपेक्षा २० फूट जास्त. काडतुसांची पेटी मॅटखाली सावलीत. उन्हात तापलेल्या नळीत काडतूस भरून ठेवायचं नाही, हे इथे सगळेच पाळतात.

तक्ता सांगत होता: पातळ हवेचं १.४ मिनिट आणि वेगाचं अर्धं, म्हणजे मेच्या साइटपेक्षा पावणेदोन ते दोन मिनिटं खाली. सात क्लिक खाली घेऊन १००० यार्डांवर पहिला साइटर (मोजणीत न धरलेला चाचणीचा शॉट) मारला. चकती बुलमध्ये, मध्याच्या जरा वर. आणखी एक क्लिक खाली, दुसरा साइटर मध्यरेषेवर. कागदावरचा आकडा आणि लक्ष्यावरची चकती एका क्लिकच्या अंतरात आली.

मोजायच्या दहा शॉटांत उंचीला मी हात लावला नाही. सगळं लक्ष वाऱ्यावर. डावीकडून पाच-सहा मैल, मधूनच आठ. सातव्या शॉटला मधला झेंडा ताणला गेला, जवळचा नाही. अर्धं मिनिट दिलं आणि ते पुरलं नाही, शॉट उजवीकडे इनरमध्ये. शॉटवरून वारा मागे काढला: आठ नव्हे, नऊ. बाकी सगळे बुल, त्यांतले काही व्ही, म्हणजे बुलच्या आतल्या सर्वांत लहान वर्तुळात. उंचीचा पसारा पाऊण मिनिटात.

२० सप्टेंबर

थंडी परतली. १३ अंश, घनता १.२४. साइट तक्त्याप्रमाणे वर घेतली, पहिलाच साइटर बुलमध्ये. पहिल्या रकान्याचं काम झालं असं आता म्हणते. हिवाळ्यात शून्याच्या आसपासचे आकडे भरले की पान पूर्ण होईल.

वाऱ्याच्या वहीतली पानं चाळून पाहिली. माझे अंदाज आडव्या वाऱ्यात मैलाच्या आत येतात. मागून येणाऱ्या झुलत्या वाऱ्यात अजून दोन-दोन मैल चुकतात, आणि चुकतात ते बहुतेक नेहमी कमी धरल्यामुळे. प्रशिक्षक बाईंना पान दाखवलं. त्यांनी पुढच्या वेळी रायफल घरीच ठेवून यायला सांगितलंय: नुसती स्कोप आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी बसायचं, दुसऱ्यांचे शॉट पाहायचे, आणि चकती दिसायच्या आधी प्रत्येक शॉटचा वारा लिहायचा. भाचीलाही तेच सांगितलं. ती बालेवाडीला ५० मीटरवर तशीच वही धरणार आहे, आणि दर रविवारी आम्ही फोनवर पानं ताडून पाहणार.